शब्दचर्चा: 'लॉजिकल_नॉट' आणि 'नॉट_एफएन', नकार नेमका कशाचा?

प्रश्न: सी++ या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या (भाषेसोबत येणाऱ्या तयार साधनांतल्या) या दोन्ही गोष्टींना सरसकट 'नकार' म्हटलं जातं. फरक काय? काउंट_इफला (अट पाळणारे घटक मोजणाऱ्या फंक्शनला) यातलं कुठलं द्यायचं?

उत्तर: लॉजिकल_नॉट मूल्य उलटवतं, नॉट_एफएन अट उलटवतं. म्हणून मी 'मूल्यनकार' आणि 'अटनकार' असे दोन शब्द वापरतो.

लॉजिकल_नॉट करतं ते उद्गारचिन्हाचंच काम, म्हणजे खऱ्याचं खोटं आणि खोट्याचं खरं. पण अल्गोरिदमच्या हाती नुसतं चिन्ह देता येत नाही, म्हणून ते फंक्शन ऑब्जेक्टच्या (फंक्शनसारखं वापरता येणाऱ्या वस्तूच्या) रूपात येतं. 'खरं, खोटं, खोटं' असा व्हेक्टर (मूल्यांची यादी) त्याच्यासह ट्रान्सफॉर्ममधून (प्रत्येक घटक बदलणाऱ्या फंक्शनमधून) काढा, 'खोटं, खरं, खरं' मिळेल. सी++ मध्ये शून्य म्हणजे 'खोटं', बाकी सगळं 'खरं'; म्हणून तेच काउंट_इफला दिलं तर पूर्णांकांच्या व्हेक्टरमधली शून्यं मोजली जातात. फाइंड_इफला (अट पाळणारा पहिला घटक शोधणाऱ्या फंक्शनला) दिलं तर पॉइंटरांमधला (मेमरीतले पत्ते) पहिला नल, म्हणजे रिकामा पत्ता, सापडतो.

'सम आहे का' ही अट आधीच लिहिलेली असेल आणि विषम संख्या मोजायच्या असतील, तर ती नॉट_एफएनमध्ये गुंडाळा. हे सी++17 मध्ये आलं. त्याआधीच्या नॉट1, नॉट2 ना लॅम्ब्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) थेट देता येत नसे. सी++20 मध्ये ते काढूनच टाकले.

आणखी एक शंका: बिट_नॉट म्हणजे पण नकारच ना?

उत्तर: तो प्रत्येक बिटचा नकार. 5 ला लॉजिकल_नॉट लावलं की 'खोटं', बिट_नॉट लावलं की -6. बूलवर (खरं-खोटं ठेवणाऱ्या टाइपवर) तर हमखास फसगत होते: 'खरं'चे बिट उलटले की -2 येतो, तो शून्य नाही, म्हणून पुन्हा बूलमध्ये ठेवला की 'खरं'च!

पुरवणी: टाइपकडेही (मूल्याच्या प्रकाराकडेही) नीट बघा, ही चूक कंपायलर मुकाट्याने चालवून घेऊ शकतो. डबलच्या (दशांश संख्यांच्या) व्हेक्टरवर चुकून पूर्णांकांचं लॉजिकल_नॉट<इंट> लावलं, तर 0.5 आधी 0 होतो आणि त्याचा नकार 'खरं' येतो. खरं तर 0.5 शून्य नाही, उत्तर 'खोटं' यायला हवं. सी++14 पासून कोनी कंस रिकामे ठेवता येतात, मग टाइप आलेल्या मूल्यावरूनच ठरतो. मी तरी कंस रिकामेच ठेवतो.

प्रश्नकर्ता: म्हणजे माझ्या कोडमध्ये अटनकार हवा होता. नॉट_एफएन लावतो.