भरतकामातली भातलावणी : उसवू की राहू देऊ?

मेरेवरची

माहेर राजापूर तालुक्यातलं, आता डोंबिवलीत. गेल्या जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत एक तुकडा भरला. अडीच फूट बाय दीड फूट, मातकट केसमेंटवर (जाडसर सुती कापड). विषय लावणीचा. चिखलात ओणवलेल्या सात बायका. चौघींच्या पाठीवर इरली (पावसात पाठ झाकायला कामट्या-पानांची), दोघींच्या डोक्यावर खताच्या पिशवीच्या खोळी, सातवी नुसतीच भिजतेय. ती माझी आजी, तिला इरल्याखाली गुदमरायचं. मेरेवर, म्हणजे बांधावर, एक कुत्रा.

माझा सगळा जीव इरल्यांत. कामट्यांची जाळी दोन पदरी दांडी टाक्याने, आतली पानं एकेरी पदराने सॅटिनमध्ये, प्रत्येक पान वेगळ्या दिशेने भरलंय. दिवा हलवला की चमक हलते. रंगाने मला हे जमलं नसतं.

मार्चमध्ये एका प्रदर्शनात दिलं. अर्ज चित्रकलेचा भरला होता, जाऊन बघते तर क्रोशाच्या रुमालांशेजारी, 'हस्तकला' पाटीखाली. एक बाई म्हणाल्या, सोफ्याच्या उशीला छान दिसेल. वाईट वाटलं, पण खरा दणका पुढेच होता.

मे महिन्यात आई आली. चष्मा पुसून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "अगो, ह्या बायका लावलेला तरवा तुडवत चालल्यात की!"

खरंच की. लावणी मागे सरत करतात. लावलेला तरवा, म्हणजे रोपं, तोंडापुढे, मोकळा चिखल पाठीमागे. मी हिरव्या ओळी त्यांच्या पाठीशी भरल्यात आणि तोंडापुढे चिखल. लहानपणी मी स्वतः रोपांच्या मुठी पोचवल्यात, तरी हे झालं. प्रदर्शनात कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

आता साडेतीनशे रोपं उसवायची का? उसवलं तर भोकं दिसतील का? आणि हे करण्यात काही अर्थ आहे का?

सुईदोरा

उसवा, पण बायकांना हात लावू नका. फक्त हिरवं काढा.

उलट्या बाजूने बारीक कात्रीने टाका कापायचा आणि चिमट्याने दोरा उलट्याच बाजूला ओढायचा. सुलट बाजूने खेचलात तर कापडाला हिरवं लव चिकटून राहील, ते निघता निघत नाही. तो दोरा परत वापरू नका, पिंजलेला असतो. मग त्या जागी कापड किंचित ओलं करून नखाने उभं-आडवं घासा, धागे जागेवर सरकतात. त्याआधी हिरव्याचा रंग सुटतो का ते ओल्या कापसाने तपासा, विशेषतः गडद हिरव्याचा. नंतर जाड टॉवेलवर पालथं घालून वाफेची इस्त्री.

तरीही भोकं दिसली तर तिथे चिखल भरा. बिहारच्या मुझफ्फरपूरकडच्या भुसुरा गावातल्या बायका सुजनी नावाचं भरतकाम करतात ते बघा. आकृतीची कड साखळी टाक्याने आणि बाकी सगळं कापड धावदोऱ्याच्या जवळजवळच्या ओळींनी भरलेलं. कापडाला आपोआप लाटा येतात. चिखलाला अजून काय हवं? एक पदर, तपकिरी आणि राखाडी आलटून पालटून. गावातलं रोजचं जगणं, हुंडा, दारू, सगळं त्या सुजनीवर येतं.

कोपऱ्यातला_वाचक

पाटीचं मनावर घेऊ नका, तो जुना रोग आहे. लंडनच्या रॉयल अकादमीने 1768 मध्ये स्थापना झाल्यावर थोड्याच काळात सुईकामाला आपल्या प्रदर्शनाची दारं बंद केली होती, कागदी कातरकाम आणि शिंपल्यांच्या वस्तूंसोबत. उलट चिलीची व्हायोलेता पारा बघा. आपण तिला गाण्यांसाठी ओळखतो, पण आजारपणात अंथरुणाला खिळली तेव्हा ती तागाच्या कापडावर लोकरीने भरायला लागली, आणि 1964 मध्ये पॅरिसला लूव्रच्या इमारतीतल्या सजावटी कलांच्या संग्रहालयात त्याच कापडांचं प्रदर्शन लागलं. संग्रहालयाच्या नावात 'सजावट' होतीच म्हणा.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. बायो टॅपेस्ट्री नावाला टॅपेस्ट्री (म्हणजे मागावर विणलेलं चित्र), खरं म्हणजे लिननवर लोकरीने केलेलं भरतकाम, जवळजवळ 70 मीटर लांब. मधल्या पट्ट्यात 1066 ची नॉर्मनांची इंग्लंडवरची स्वारी, राजे आणि घोडे. खालच्या काठावर मात्र एका ठिकाणी नांगरणी, पेरणी, कुळवणी आणि गोफणीने पाखरं मारणारा माणूस आहे. मी चित्रं चाळताना युद्ध सोडून तिथेच थांबतो.

पिंट्या७७

साडेतीनशे रोपं?? बघणाऱ्याला काय कळतंय, राहू द्या.

सुईदोरा

पिंट्या, तिच्या आईला कळलं ना.

मेरेवरची

सगळ्यांचे आभार. पिंट्या, दोन दिवस मलाही तसंच वाटत होतं.

काल रात्री दोन ओळी काढल्या. भोकं राहिली आहेत थोडी, नखाने अर्धी मिटली. चिखलाच्या धावदोऱ्याचा नमुना वेगळ्या तुकड्यावर करून बघितला. तपकिरीत एखादी ओळ निळसर घातली की पाणी साचल्यासारखं वाटतं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, उसवतेच आहेस तर आजीला डाव्या टोकाला घे, ती कायम मेरेलगतची पात धरायची. आजी मधोमध आहे, तिच्या पातळाला मला अकरा दिवस लागलेत. कुत्राच तिच्याजवळ आणते, म्हटलं.