बँडची वही: नोटेशन टाईप करून काढावं की माऊसने?

अमळनेरचा क्लॅरनेट
लग्नसराई आटोपली, पावसाळ्यात हात रिकामे, म्हणून हा वाद उकरून काढतो. आमच्या बँडची वही, एकतीस चाली, यंदा मी लिलीपाँड या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने मांडली. आता माझं मत पक्कं आहे: छापायचं नोटेशन टाईप करूनच काढावं. माऊसने एकेक नोट उचलून रेघांवर ठेवत बसण्यात अर्थ नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: हे फुकट मिळतं, दोन डच तरुणांनी १९९६ मध्ये सुरू केलं. साध्या फाईलमध्ये सी, डी, ई अशी अक्षरं टाईप करायची. पुढे ४ लिहिला की क्वार्टर नोट, ८ लिहिला की एट्थ. अपॉस्ट्रॉफीने सप्तक वर जातं, स्वल्पविरामाने खाली. फाईल चालवली की पीडीएफ हातात. दोन नोटांतलं अंतर, दांडीची लांबी, ओळ कुठे तोडायची, हे सगळं तेच ठरवतं.

खरी गंमत पार्टची, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या कागदाची. ऐकू सी यायला हवा तर क्लॅरनेटवाला डी वाजवतो आणि आल्टो सॅक्सवाला ए. पूर्वी एका चालीच्या तीन वह्या असायच्या. फेब्रुवारीत पारोळ्याच्या एका वरातीत मी दुरुस्त केलेली ओळ वाजवली, सॅक्सवाल्याने जुनी. नवरदेव घोड्यावरून वळून बघायला लागला! आता मूळ चाल एकदाच लिहितो, पार्ट त्यातूनच निघतात. बदल एका जागी, तिन्ही कागद ठीक.

जळगाव_कीबोर्ड
हे म्यूझस्कोरमध्येही होतं, भो, माऊसने नोटा ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. तेही फुकटच. पार्ट मूळ पानाला बांधलेले असतात, एक बटण दाबलं की सगळं कॉन्सर्ट पिचमध्ये, म्हणजे ऐकू येतं त्या सुरात दिसतं. वर नोट टाकताक्षणी कानाला ऐकू येते. तुमच्या त्या फाईलमध्ये चूक झाली तर कळणार कधी? पीडीएफ निघाल्यावर!

मीही महिनाभर झटलो होतो. चाल एफ मेजरमध्ये. वर स्केल लिहून दिलं, म्हटलं आता बी आला की आपोआप फ्लॅट, म्हणजे कोमल होईल. कागदावर पाहतो तर प्रत्येक बीपुढे नॅचरलची, म्हणजे शुद्ध सुराची खूण. कारण तिथे बी म्हणजे बीच, फ्लॅट हवा तर दर वेळी 'बेस' टाईप करा. डच नाव म्हणे. वरातीत वाजवणाऱ्या पोराला हे कोण शिकवणार?

अमळनेरचा क्लॅरनेट
डच नको तर फाईलच्या डोक्यावर भाषा इंग्रजी म्हणून लिहा, काम झालं. पण फ्लॅट दर वेळी लिहावा लागतो हे खरं, आणि मला ते बरंच वाटतं. जो सूर वाजणार तोच लिहायचा. स्केल बदललं तरी अर्थ बदलत नाही.

आणि टिकण्याचं काय? फिनाले हे नोटेशनचं सॉफ्टवेअर १९८८ पासून चालत होतं, ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने ते बंद केल्याचं जाहीर केलं. माझी फाईल नोटपॅडमध्येही उघडते.

जळगाव_कीबोर्ड
उघडते, पण जुन्या आवृत्तीची फाईल नव्यात चालवायला आधी रूपांतर करावं लागतं, हेही सांगा ना. मी म्यूझस्कोरमधून म्यूझिक-एक्सएमएल काढून ठेवतो, ती फाईल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडते.

गायन_शिक्षिका_चोपडा
तुमच्या भांडणात आम्ही कुठेच नाही. माझ्या मुली परीक्षेला बसतात त्या भातखंडे लिपी घेऊन, सा-रे-ग अक्षरांत लिहायची ती. पाच रेघांचा आम्हाला उपयोग शून्य, आणि लिलीपाँड भातखंडे पद्धत आपणहून छापत नाही. गेल्या वर्षी बंदिशींची पुस्तिका एका डीटीपीच्या दुकानात टाईप करायला दिली. कोमल स्वरांना अंडरलाईन मारली होती. फाईल दुसऱ्या संगणकावर गेली, रेघा गायब. आख्खा भैरव शुद्ध होऊन छापून आला. हाताने लिहून झेरॉक्स काढली ती बरी.

डीटीपी_भुसावळ
मॅडम, अंडरलाईन ही सजावट असते, अक्षराचा भाग नव्हे. म्हणून जाते. वेदपाठाच्या पुस्तकांसाठी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात, अक्षराखालची आडवी रेघ आणि डोक्यावरची उभी रेघ आहेच, तीच वापरा: रे॒ ग॒ ध॒ नि॒ आणि तीव्र म॑. ही खूण अक्षराबरोबरच चालते, कॉपी केली तरी पडत नाही. अडतं ते मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या कोमल निषादाला. रेघही खाली, टिंबही खाली, निम्म्या फॉन्टांत दोन्ही एकमेकांवर चढतात. आधी एकच पान काढून बघा, मग पुस्तकाला हात घाला.

गायन_शिक्षिका_चोपडा
रेघेचं हे कोणी सांगितलंच नव्हतं. मात्रा एकाखाली एक बसवायला टेबलच करावं लागेल ना?

डीटीपी_भुसावळ
हो. तीनतालाला सोळा घरं, खाली सम-खालीच्या खुणांची ओळ.

जुना_मास्तर_साक्री
ते बठ्ठं खरं शे भो, पण वही उघडतो कोण? रात्री नवरीचा भाऊ मोबाईलवर गाणं ऐकवतो, सकाळी ते वाजवावं लागतं. चाळीस वर्षं कानावर बँड चालवला. तुम्ही टाईप करेपर्यंत वरात मांडवात पोचते.

अमळनेरचा क्लॅरनेट
मास्तर, रात्री आलेल्या गाण्याला कानच. पण आमचे दोन वाजवणारे सुरतला कामाला गेले आणि त्यांच्याबरोबर सात-आठ चालीही गेल्या. नव्या पोराला कान तयार व्हायला दोन हंगाम लागतात. तोवर हातात काय देऊ?

जुना_मास्तर_साक्री
ते बरोबर बोलू राहिले. मग अक्षर मोठं काढा. मागे एकाने छापील कागद दिले, हॅलोजनखाली मुंगीसारख्या नोटा. वर लॅमिनेशन! उजेड पडला की नुसता आरसा.

अमळनेरचा क्लॅरनेट
लॅमिनेशन मीही सोडलं. जाड मॅट कार्ड, निम्म्या ए-फोरचं, वाद्याच्या चिमट्याला लावायचं. रेघांचा आकार मुळात २० असतो, मी २६ केला. क्लॅरनेटला दोन्ही हात गुंतलेले, म्हणून पान अशा जागी तोडतो की शेवटी विश्रांती येईल. लांब विश्रांती बघून पान तोडायची सोय लिलीपाँडमध्ये आहे.

जळगाव_कीबोर्ड
पानाची ती सोय चांगली आहे, मला हाताने करावं लागतं. बाकी माझं मत तेच. तुमची एक चाल पाठवा, फाईल आणि कार्ड दोन्ही. तीच मी म्यूझस्कोरमध्ये काढतो, आणि मास्तरांना कोणती कोणाची ते न सांगता हॅलोजनखाली धरून दाखवू.

जुना_मास्तर_साक्री
चष्मा घेऊन येतो.