ओकहॅम्प्टनच्या किल्ल्याला मोठ्या खिडक्या एकाच बाजूला का?

कोकमसरबत: इंग्लंडमधल्या डेव्हनच्या ओकहॅम्प्टन किल्ल्याचे फोटो बघतोय. उत्तरेला, रस्त्याच्या अंगाला, उंच कोऱ्या भिंती. दक्षिणेला मात्र ऐसपैस खिडक्या. शत्रू काय रस्ता विचारूनच येणार होता? आणि एवढ्या मोठ्या बॅरनीचं, म्हणजे राजाने सरदाराला दिलेल्या जहागिरीचं, ठाणं असं अर्धवट का?

जुनं_दप्तर: अर्धवट नाही, दोन वेगळ्या काळांतलं आहे. 1068 मध्ये डेव्हनमधल्या एक्सेटर शहराने बंड केलं, इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजा विल्यमने वेढा घालून ते मोडलं. मग बाल्डविन फिट्झगिल्बर्टला डेव्हनचा शेरीफ, म्हणजे राजाचा तिथला अधिकारी, केलं आणि जमिनी दिल्या. त्याने टेकाडावर हा किल्ला उभारला. 1086 च्या डूम्सडे नोंदीत, म्हणजे विल्यमने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत, किल्ल्याबरोबर चार नागरिक आणि एक बाजार आहे. बस्स, एवढंच गाव! पण बॅरनी दांडगी. तिच्यावर पुढे राजाला नव्वदीच्या आसपास नाइट (घोडेस्वार योद्धे) पुरवायचा बोजा होता.

तुमच्या खिडक्या 1300 च्या सुमाराच्या. तोवर बॅरनी कोर्टनी घराण्याकडे आली होती. ह्यू कोर्टनीने किल्ल्याचं शिकारीचं निवासस्थान केलं आणि नदीपलीकडे हरणांसाठी उद्यान राखलं. खिडक्या त्याच बाजूला उघडतात. रस्त्याने जाणाऱ्याला दरारा, आतल्या पाहुण्याला देखावा, असा सरळ हिशेब. उद्यानाच्या हद्दीत उठून गेलेल्या वस्त्यांचे चौथरे उकरून काढलेत. देखाव्यात शेतकरी बसत नव्हता.

पाऊलवाट: बाल्डविनची बॅरनी कोर्टनींकडे कशी? वारस नसला की राजा परत घेतो ना?

जुनं_दप्तर: मुलगा नसला तरी मुलीकडे जाते. इथे तसंच झालं, लग्नातून कोर्टनींच्या पदरात पडली. राजाचा फायदा वेगळ्या वाटेने. वारस अज्ञान असला तर पालकत्व राजाचं, लग्नही तोच लावणार. सज्ञान वारसाने ताबा घेताना पैसे भरायचे, आणि राजे मनाला येईल तो आकडा सांगत. म्हणून 1215 च्या मॅग्ना कार्टाने, सरदारांनी राजाकडून मिळवलेल्या सनदेने, पूर्ण बॅरनीसाठी 100 पौंड ठरवून टाकले. माझ्या मते त्या सनदेचं हे खरं पोट-कलम, बाकीचं लोक नंतर डोक्यावर घेऊन नाचले.

कोकमसरबत: मग पडझड कुणी केली? तोफा?

जुनं_दप्तर: तोफा कसल्या. 1538 मध्ये हेन्री कोर्टनीला आठव्या हेन्रीने राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं, डोकं उडवलं, मालमत्ता जप्त केली. त्यानंतर किल्ल्याकडे बघायला कुणी उरलं नाही.