मदत हवी आहे: त्वचा कोरडी की तेलकट? तीनदा तपासली, तीन उत्तरं आली

भिंगरी
प्लीज लवकर सांगा, डोकं फिरायची वेळ आलीय. चेहरा धुऊन काही न लावता थांबायचं आणि मग बघायचं, ती घरगुती पद्धत केली. पहिल्या दिवशी गाल इतके ओढले गेले की हसायची चोरी. म्हणजे कोरडी. दुसऱ्या दिवशी टिश्यू दाबला तर कपाळावरचा कागद आरपार दिसायला लागला. म्हणजे तेलकट. तिसऱ्या दिवशी नाकाच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे आणि शेंड्यावर चकाकी, एकाच वेळी! मला साधं मॉइश्चरायझर घ्यायचंय. बाटल्यांवर 'कोरड्या त्वचेसाठी' नाहीतर 'तेलकट त्वचेसाठी' असं लिहिलेलं असतं, 'भिंगरीच्या त्वचेसाठी' अशी बाटली अजून निघालेली नाही. 'डॉक्टरकडे जा' सोडून काहीही सांगा.

निवांत
चेहरा कशाने धुतलात, किती वेळ थांबलात, टिश्यू कुठला आणि मधल्या वेळात काय करत होतात? वयही सांगा.

भिंगरी
फेसवॉशने. अर्धा तास. टिश्यू म्हणजे टिश्यू, त्यात कुठला काय? घरातच होते. ३१. वयाचा काय संबंध?

तिसरी_घंटा
अगदी हाच प्रश्न मला विचारायचा होता. रुमाल टाकून ठेवते.

कापूसकोंडा
मुळात गोंधळ आहे. त्वचेचे प्रकार सहा असतात. थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये ही मोजपट्टी मांडली. तेव्हा गोऱ्या त्वचेचे चारच प्रकार होते, पाचवा आणि सहावा नंतर जोडले. उन्हात त्वचा भाजते की काळवंडते ते बघायचं. पहिला प्रकार दरवेळी भाजतो, काळवंडत नाही. सहावा जवळजवळ भाजतच नाही. भिंगरी, तुम्ही उन्हात लाल होता का? लगेच सांगतो तुमचा प्रकार.

शंकासूर
प्रश्न तेलाचा, उत्तर उन्हाचं. कापूसकोंडा, ती मोजपट्टी अतिनील किरणांच्या उपचारात सुरुवातीचा डोस किती द्यायचा ते ठरवायला निघाली. मॉइश्चरायझर निवडायला तिचा काय उपयोग?

कापूसकोंडा
माहिती दिली, घ्यायची तर घ्या. आणि तेलाचंच बघायचं तर तिथेही कोरडी, तेलकट, मिश्र, सामान्य असे चारच प्रकार कुठे आहेत? लेस्ली बॉमन या त्वचारोगतज्ज्ञांच्या पद्धतीत १६ आहेत. तेलकट की कोरडी, संवेदनशील की सोशिक, डाग धरणारी की न धरणारी, सुरकुतणारी की घट्ट. दोनाचा चौथा घात.

भिंगरी
मला एक सापडेना, तुम्ही सोळा घेऊन आलात.

निवांत
वयाचा संबंध असा की तैलग्रंथी अँड्रोजेन हार्मोनांच्या तालावर चालतात. वयात येताना तेल वाढतं, पाळी गेल्यावर बायकांमध्ये बरंच कमी होतं. १७व्या वर्षी स्वतःवर मारलेला 'तेलकट' हा शिक्का चाळिशीतही खरा असेलच असं नाही. हवेचंही तेच. दमट दिवसांत चमकणारा चेहरा थंड कोरड्या हवेत ओढला जातो.

आता पद्धत. सौम्य, बिनवासाचं क्लेन्झर आणि कोमट पाणी. अंगाच्या साबणाच्या वडीने धुतलात तर निकाल तिथेच बाद, कारण वडीचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) साधारण ९ ते १० असतो आणि त्वचेचा पाचच्या आसपास. मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. मग तासभर काही लावायचं नाही, चेहऱ्याला हात नाही, पंखा थेट तोंडावर नाही. अर्ध्या तासात फक्त धुण्याचा परिणाम दिसतो, म्हणून मी तास म्हणतो. नंतर कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल, प्रत्येक जागी वेगळा कागद, दहा सेकंद दाबून. पाचही कागदांवर डाग असेल तर तेलकट. नुसत्या कपाळ-नाक-हनुवटीच्या कागदांवर असेल तर मिश्र. कुठेच नाही आणि चेहरा ओढतोय तर कोरडी. कुठेच नाही आणि चेहरा आहे हे विसरायला झालं, तर सामान्य.

एक_डोळा_बंद
एवढा व्याप कशाला? फोनवर ॲप असतात. फोटो काढा, तेल किती, पाणी किती, सगळं टक्क्यांत येतं. मी दर आठवड्याला बघतो.

शंकासूर
आत्ताच एक उतरवून बघितलं. बल्बखाली: तेलकट. खिडकीशी: सामान्य. बायकोने फोटो काढला तेव्हा: चेहरा सापडला नाही.

एक_डोळा_बंद
कॅमेरा पुसला होता का?

दवबिंदू
मी अनुभवाने सांगते, सगळा दोष धुण्याचा आहे. जितकं धुवाल तितकी त्वचा सूड उगवते आणि दुप्पट तेल सोडते. मी दीड वर्ष फक्त पाण्याने चेहरा धुतेय. आज माझ्या त्वचेला प्रकारच उरलेला नाही.

शंकासूर
प्रकार उरलेला नाही म्हणजे काय? अतिधुण्याने वरचा थर दुखावतो, आग होते, चेहरा ओढतो, इथपर्यंत मान्य. पण तेल किती सोडायचं हे मुख्यतः हार्मोनं ठरवतात. फेसवॉश लागला म्हणून ग्रंथीला राग येतो, हे कुठून आणलंत?

दवबिंदू
तुम्ही करून बघितलंय का?

शंकासूर
नाही.

दवबिंदू
मग झालं तर.

वाकडा_चष्मा
भिंगरी, दुसऱ्या दिवशीचा तो कागद अजून आहे का? नसेल तर पुन्हा कराल तेव्हा एक गंमत करा. दाबलेला कागद लगेच उजेडात धरू नका, दहा-पंधरा मिनिटं टेबलावर पडू दे. घामाचा डाग वाळून जातो. तेलाचा राहतो. माझ्या मुलीने स्वतःला महातेलकट ठरवलं होतं, ती चाचणी दोरीवरच्या उड्या मारून आल्यावर केलेली होती.

दुसरं, काही टिश्यूंना मऊ लागावेत म्हणून लोशन लावलेलं असतं. तसला कागद नुसता बोटाने चोळलात तरी डाग दाखवतो.

भिंगरी
बाप रे. पाकिटावर 'लोशनयुक्त' लिहिलंय, आत्ता बघितलं. आणि त्या दिवशी अर्धा तास मी इस्त्री करत होते.

निवांत
म्हणूनच विचारत होतो मधल्या वेळात काय केलंत.

भिंगरी
बरं, कपाळाचं समजलं. पण पापुद्रे? ते तर डोळ्यांना दिसतात. आणि गाल ओढणं?

दवबिंदू
पाणी कमी पडतंय. जास्त पाणी प्या.

निवांत
पाणी प्यायलाच हवं, पण एखादा ग्लास जास्त प्यायल्याने गालाचे पापुद्रे जात नाहीत. इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. कोरडी त्वचा म्हणजे तेल कमी. शुष्क झालेली म्हणजे वरच्या थरात पाणी कमी. पहिला स्वभाव, दुसरी अवस्था. तेलकट चेहराही शुष्क होऊ शकतो: वर चकाकतो, आतून ओढतो. तसं असेल तर तेल काढायच्या मागे लागून आणखी बिघडतं.

वाकडा_चष्मा
रात्री चेहऱ्याला काय लावता?

भिंगरी
काही नाही.

वाकडा_चष्मा
अगदी काहीच नाही?

भिंगरी
क्रीम वगैरे काही नाही. फक्त ती मुरमांची ट्यूब.

शंकासूर
अहो!!

निवांत
कुठली ट्यूब? किती दिवस? किती लावता? फेसवॉशवर सॅलिसिलिक ॲसिड लिहिलंय का तेही बघा.

भिंगरी
ट्यूबवर ॲडापलीन ०.१ टक्का लिहिलंय. तीन आठवडे झाले. रोज रात्री सगळ्या चेहऱ्याला, चांगली बोटभर. फेसवॉशवर हो, सॅलिसिलिक आहे. पण ते मुरमांसाठी आहे, मी विचारतेय त्वचेच्या प्रकाराबद्दल.

वाकडा_चष्मा
तुम्ही जे तपासताय ते ट्यूबचं काम आहे, तुमच्या त्वचेचा प्रकार त्याखाली झाकला गेलाय. ॲडापलीन रेटिनॉइड गटातलं, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं. पहिले काही आठवडे कोरडेपणा, लाली, पापुद्रे हे नेहमीचंच, आणि नाकाच्या-ओठांच्या कोपऱ्यांत औषध साचतं म्हणून तिथे जास्त. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं, ते कोपरे सोडून. तुम्ही बोटभर लावताय आणि वर ॲसिडवाला फेसवॉश. गाल ओढणार नाहीत तर काय.

दवबिंदू
आजच्या आज ती ट्यूब फेकून द्या. रसायनं ती रसायनंच.

निवांत
फेकून द्या असं परस्पर सांगू नका. डॉक्टरांनी दिली असेल तर त्यांना विचारून प्रमाण कमी करतात किंवा एक रात्र सोडून एक रात्र लावतात. चाचणीसाठी चालू उपचार मोडायचा नसतो. भिंगरी, डॉक्टरांनी दिलीय ना? आणि गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ही गोष्ट लावायची नसते.

भिंगरी
गरोदर नाही, विचारही नाही. डॉक्टरांनी दिली होती... बहिणीला. तिच्याकडे उरली होती.

शंकासूर
हा धागा वाचनखुणेत साठवतोय.

कापूसकोंडा
अवांतर: कोरडी-तेलकट-सामान्य ही वाटणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेलेना रुबिनस्टाइन यांनी रूढ केल्याचं सांगतात. त्या क्रीम बनवून विकायच्या. कप्पे पाडले की प्रत्येक कप्प्यासाठी वेगळी बाटली विकता येते.

एक_डोळा_बंद
कापूसकोंडा पहिल्यांदा मुद्द्याचं बोलले.

कापूसकोंडा
आधीचंही मुद्द्याचंच होतं.

तिसरी_घंटा
माझ्या नाकावर काळे ठिपके आहेत, दाबले की बारीक दोऱ्यासारखं पांढरं निघतं आणि महिन्याभरात परत येतं. म्हणजे माझी तेलकट का?

वाकडा_चष्मा
ते बहुधा तेल बाहेर आणणाऱ्या छिद्रांतलं नेहमीचं भरण आहे, ब्लॅकहेड नाही. नाकावर तैलग्रंथी दाट असतात, म्हणून ते जवळजवळ सगळ्यांच्याच नाकावर असतं. दाबत बसू नका. त्यावरून प्रकार ठरत नाही.

भिंगरी, एक राहिलं. नाकाच्या बाजूंशिवाय पापुद्रे कुठे? भुवयांत? डोक्यात कोंडा?

भिंगरी
भुवयांत आहेत. कोंडा तर कॉलेजपासून. त्याचा इथे काय संबंध??

वाकडा_चष्मा
नाकाच्या घड्या, भुवया, टाळू या सगळ्या तेलकट जागा. तिथे तेलकट-पिवळट पापुद्रे आणि खाली लाली असेल तर कदाचित ते कोरडेपण नाहीच. सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात त्याला, टाळूवरच्या कोंड्याचाच भाऊबंद. त्यात मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचा हात असतो. ती सगळ्यांच्याच त्वचेवर राहते आणि तेलावर जगते. म्हणून पापुद्रे दिसले की तेल चोपडायचं, हा उपाय तिथे उलटा पडू शकतो. ट्यूबमुळे आहे की यामुळे, ते मला इथून दिसणार नाही. दोन्हीही असेल. आता तुम्ही नको म्हणालात तेच सांगतो: भुवयांचं राहिलं तर दाखवून या.

भिंगरी
पहिल्याच पोस्टमध्ये नको म्हटलं होतं.

निवांत
तोवर ट्यूब बंद करा, ती तुमची नव्हतीच. फेसवॉश सौम्य घ्या आणि बिनवासाचं साधं हलकं मॉइश्चरायझर. बाटलीवर प्रकार काहीही लिहिलेला असो, आधी दंडाच्या आतल्या बाजूला एका ठरलेल्या जागी दिवसातून दोनदा, आठ-दहा दिवस लावून बघा. लाली-खाज नाही आली तर चेहऱ्याला. चाचणी तीन आठवड्यांनी.

भिंगरी
तीन आठवडे?! मला लगेच हवं होतं.

*(सव्वीस दिवसांनंतर)*

भिंगरी
कुणी आहे का अजून? ट्यूब बंद, सौम्य क्लेन्झर, साधा कागद, पूर्ण तासभर खुर्चीत बसून पुस्तक वाचलं, इस्त्री नाही. पाच कागद टेबलावर ओळीने ठेवले, पंधरा मिनिटं थांबले. गालांचे दोन्ही कोरे. हनुवटीचा जेमतेम. कपाळावर रुपयाएवढा डाग, आणि नाकाच्या कागदावर दोन्ही नाकपुड्यांचा ठसा, फुलपाखरासारखा. गाल ओढले नाहीत. म्हणजे मिश्र, बरोबर ना? पण भुवयांतले पापुद्रे जसेच्या तसे. गुरुवारी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतलीय. वाकडा_चष्मा, हसू नका.

वाकडा_चष्मा
हसत नाही. मिश्र, बरोबर. बाहेरची हवा बदलली की पुन्हा एकदा करा.

दवबिंदू
फक्त पाण्याने धुतलं असतंत तर सव्वीस दिवस वाचले असते.

एक_डोळा_बंद
ॲपवर पडताळून बघितलंत का?

शंकासूर
भिंगरी, गुरुवारी जाताना ती ट्यूब आणि फेसवॉश दोन्ही पिशवीत टाकून न्या. 'काही लावत नाही' असं तिथेही सांगाल. आणि सहज विचारतो, ट्यूबवरची तारीख कधी बघितली होतीत?

भिंगरी
थांबा, बघते.

भिंगरी
दोन वर्षांपूर्वी संपलीय.