भूक मंद, वजन जास्त: तुम्ही पुरेसं कसं खाता?

तव्यावरची (ठाणे)

वजन उतरवण्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं भूक आवरण्याबद्दल असतं. पाणी प्या, लहान ताटली घ्या, हळू चावा. पण ज्यांना मुळात भूकच लागत नाही त्यांनी काय करायचं? माझी साखर काठावर आहे, यकृतात चरबी आहे, म्हणून वजन उतरवायला सांगितलंय. त्यात साखरेची गोळी मेटफॉर्मिन सुरू झाल्यापासून तोंडाला धातूसारखी चव येते आणि अन्न नकोसं होतं. सकाळी चहा, दुपारी अर्धी पोळी, रात्री वरणभाताचे चार घास. मैत्रिणी म्हणतात, "नशीबवान आहेस, आयतंच डाएट झालं!" आहारतज्ज्ञ मात्र माझी वही बघून वैतागली.

तिचं म्हणणं असं, की हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूत्रांत आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानली आहे आणि वजन उतरवण्याचा आहारसुद्धा दिवसाला १००० कॅलरींच्या खाली नसावा असं स्पष्ट आहे. प्रथिनांची शिफारस वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम. म्हणजे उंचीप्रमाणे ६० किलो वजन योग्य असलेल्या बाईला ५० ग्रॅम तरी हवीत. माझ्या चार घासांत वीससुद्धा भरत नव्हती. काटा खाली येत होता, पण जिना चढताना मांड्या भरून येत होत्या.

तर अनुभव लिहा. भूक नसताना काय घशाखाली उतरतं, कधी खाता, कसं करता. औषधांचे डोस आणि पावडरींच्या जाहिराती नकोत.

रातराणी (पुणे)

हिंजवडीत रात्रपाळी. पहाटे तीनला कँटीनमधला डोसा समोर आला तरी बघवत नाही, आणि सकाळी घरी पोचावं तर शेजारच्या फोडणीच्या वासानं मळमळतं. भुकेची वाट बघितली तर ती येतच नाही, म्हणून मी घड्याळावर खाते. पाळीला निघण्याआधी सात वाजता खरं जेवण: भाकरी, उसळ, भाजी. हेच माझं मुख्य जेवण. रात्री एकला फुटाणे किंवा उकडलेलं अंडं, घरी आल्यावर थंड काहीतरी. थंड पदार्थाला वास कमी येतो, हे माझ्यासाठी फार कामाचं ठरलंय. फ्रीजमधलं दही, त्यात पंढरपुरी डाळव्याचं पीठ, मीठ, जिरेपूड. चमच्यानं खाण्याइतकं घट्ट.

आणि चहा. आमच्या मजल्यावर मशीन फुकट आहे, त्यामुळे सगळे रात्रभर तेच पितात. चहानं भूक मरते आणि जेवणाला लागून प्यायला तर अन्नातलं लोहही कमी शोषलं जातं. जेवणाच्या तासभर आधी-नंतर चहा बंद ठेवला, तेव्हापासून सातच्या जेवणाला पोट निदान विरोध करत नाही.

वऱ्हाडी_ठेचा (अकोला)

आमच्याकडे मे महिना म्हणजे पारा ४५ आणि भूक शून्य. मानूस दिवसभर पाणी, पन्हं, सरबत, बर्फगोळा यावरच राहते. पोट डब्ब, अंगात काही नाही. अन् पन्ह्यातली, सरबतातली साखर मोजा कधी.

माह्या आईची जुनी सोय आहे ज्वारीची आंबील. पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी शिजवायचं, लसूण-जिरं ठेचून घालायचं. पण पातळ केली तर नुसतं पाणीच, म्हनून मी घट्ट करतो अन् वरून दही. संध्याकाळी कूलरसमोर बसून साडेआठला झुणका-भाकर. ऊन उतरल्यावर थोडी तरी भूक येते, तेव्हाच काय ते खाऊन घ्यायचं. "सातच्या आत जेवा" हा सल्ला देनाऱ्यानं आमच्या गावात एक मे महिना काढावा.

बांगडा_फ्राय (वेंगुर्ला)

आमचा प्रश्न सोपा. भात नको झाला तरी मासा नको होत नाही. भाताचा डोंगर काढून टाकला, मासे तेवढेच ठेवले. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम प्रथिनं, तिखल्यात घातला की वास पण सोसतो. अगदीच इच्छा नसेल त्या दिवशी सुक्या जवळ्याचं किसमूर, दोन घास पेजेबरोबर. रक्तदाबवाल्यांनी सुक्या म्हावऱ्याचं मीठ लक्षात ठेवा, बाकी मजा करा.

दूरदेशी (न्यू जर्सी)

थोडं लांबेल, सांभाळून घ्या. मला डॉक्टरांनी आठवड्याला एकदा घ्यायचं टिर्झेपटाइडचं इंजेक्शन दिलंय. भारतातही हे मौंजारो नावानं मार्च २०२५ मध्ये आलं, आणि सेमाग्लुटाइडचं वेगोव्ही जूनमध्ये, त्यामुळे इथे बऱ्याच जणांना हा प्रश्न पडणार आहे. ही औषधं मेंदूतली भूक कमी करतात आणि जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतात. त्यामुळे दुपारचं जेवण रात्रीपर्यंत छातीशी बसल्यासारखं वाटतं. तळलेलं खाल्लं तर शिक्षाच.

आयुष्यभर मी जेवणाच्या बाबतीत अधाशी. भूक न लागणं म्हणजे काय हे पहिल्यांदाच कळलं, आणि कबूल करते, सुरुवातीला फार हलकं वाटलं. डोक्यातला सततचा "आता काय खाऊ" हा जप थांबला होता. पण वजन कुठल्याही मार्गानं उतरलं तरी त्यात चरबीबरोबर थोडा स्नायूही जातो, आणि प्रथिनं कमी, व्यायाम शून्य असेल तर जास्त जातो. इथल्या आहारतज्ज्ञांनी मला पहिल्याच भेटीत हे बजावलं, आणि इंजेक्शनबरोबर आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली.

ताटातला क्रम बदलला, हे सगळ्यात उपयोगी पडलं. आपल्याकडे आधी पोळी-भाजी, शेवटी वरणभात, मग ताक. पोटात जागाच वाटीभर असेल तर पोळी-भाजीतच ती संपते. मी आधी अंडं, पनीर, मासा किंवा घट्ट उसळ खाते, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी. इंजेक्शननंतरचे पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट असतात. त्या दिवसांसाठी मऊ गोष्टी आधीच करून ठेवते: मुगाच्या डाळीची घट्ट खिचडी, चक्का, अंड्याची भुर्जी कमी तेलात. पाणी घोट घोट दिवसभर, जेवणासोबत नाही. बद्धकोष्ठता हमखास, इसबगोल आणि चालणं.

मध्ये आई राहायला आली होती. तिच्यासमोर चार चमचे भात वाढून घेणं म्हणजे तिचा अपमानच. "एवढंच? कुणाची दृष्ट लागली?" शेवटी तिला काम दिलं: माझ्यासाठी रोज डाळ भिजवून दोन धिरडी. खूश झाली, आणि धिरड्यात पनीर किसून घालायची कल्पना तिचीच.

तव्यावरची

दूरदेशी, क्रमाचं एकदम पटलं. केसांचं काय? माझे मूठभर जातायत.

दूरदेशी

गेले की! वजन भराभर उतरलं, खाणं घटलं, की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. माझे परत आले. पण लोह आणि थायरॉईड तपासून घे गं, सगळं वजनावर ढकलू नकोस.

पेन्शनर_काका (सांगली)

वय ६८. गुडघ्यांसाठी वजन उतरवा म्हणाले. उतरलं. पण आरशात बघतो तर पोट होतं तिथेच आणि पाय मात्र काटक्या. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागायला लागला. म्हातारपणी भूक कमी होते आणि स्नायूही आपसूक झिजतात, त्यात उपासमार म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

आमचं घर उपासाचं. गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या. साबुदाण्यात पिष्ट सोडून जवळजवळ काही नाही, तूप आणि बटाट्यानं कॅलरी मात्र भरपूर. उपास सोडणार नाही, हिला चालायचं नाही आणि मलाही. मग उपासाच्या ताटात अदलाबदल केली: राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, वरईबरोबर दाण्याची घट्ट आमटी, दुपारी पनीर मीठ-मिरपूड लावून. ही म्हणते पनीर उपासाला कुठल्या शास्त्रात? मी म्हणतो दूध चालतं ना, मग ते फाटलं तर काय बिघडलं. वाद चालू आहे.

सोबत सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून हात न टेकता उठ-बस.

दोन_वेळच (नाशिक)

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. भूक लागेल तेव्हाच खावं, दिवसातून दोनदा, आणि मधे काही नाही. मला त्यानं फायदा झाला. भूक नसताना कोंबणं हा काय प्रकार आहे?

सिस्टर_ओपीडी

दादा, तुम्हाला कडकडून भूक लागते म्हणून दोन जेवणांत तुमचं सगळं भरून निघतं. ज्याला एका वेळी वाटीभरच जातं, त्याच्या दोन वाट्यांत काय भरणार? त्याला चार-पाच छोटी खाणी हवीत. ज्याची त्याची पद्धत.

पण साखरेच्या गोळ्या चालू असतील तर हा मताचा प्रश्न राहत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळलं तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं ही लक्षणं. आणि डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळीवर उपाशी राहिलं तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं, उलट्या आणि धाप लागते. खाणं खूप कमी झालंय हे गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरला सांगा, गोळी स्वतः बंद करू नका.

आणखी एक. वजन झपाट्यानं उतरलं की पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते. पित्ताशय नीट रिकामं व्हायला थोडं तेल-तूप लागतंच, तेव्हा बिनतेलाच्या भाज्यांचं कौतुक पुरे. आणि काही न करता सहा महिने-वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं, गिळायला त्रास होतो, किंवा शौचातून रक्त जातंय, तर डाएट बाजूला ठेवून तपासणी.

वाटीवाली (कोथरूड)

मी घरातल्या वाट्यांचा हिशेब फ्रीजवर चिकटवलाय. एक अंडं ६ ग्रॅम प्रथिनं. २०० मिली दूध ६ ते ७. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम कोरडी डाळ ७. फुटाणे तेवढेच, तर ६. पनीर १०० ग्रॅमला १८. सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅमला १५, आकारमानाच्या मानानं सगळ्यात भारी. शेंगदाणे ३० ग्रॅमला ७, पण कॅलरी १७० च्या आसपास, म्हणून चटणीपुरते.

मंद भुकेला माझा आवडता पदार्थ चक्का. वाडगाभर दही फडक्यात टांगलं की चार चमच्यांत येतं. पाण्याबरोबर थोडं सत्त्व जातं खरं, पण प्रथिनं बरीचशी राहतात आणि पोट फुगत नाही. साखर घालून श्रीखंड करायचं नाही, तेवढा मोह आवरा. मी कधी लसूण-कोथिंबीर घालते, कधी किसलेली काकडी, भाकरीला लावून खाते. निवळी कणीक भिजवायला वापरते, वाया जात नाही. उलट ताक. सगळे ताक पी म्हणतात, पण जेवणाआधी मोठा पेला ताक प्यायलं की माझं जेवण तिथेच संपतं. ताक शेवटी, अर्धी वाटी.

लहान_जठर (मुंबई)

माझी बेरिऍट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यामुळे वाटीभर पोट म्हणजे काय ते मला विचारा. नियम कडक: दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं, जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. बी १२, लोह, कॅल्शियम कायमचं. लग्नात पाहुण्यांनी भरवलेल्या जिलबीनं एकदा हृदय धडधडून आडवं केलं होतं, तेव्हापासून आग्रह करणाऱ्यांना मी सरळ "ऑपरेशन झालंय" सांगते. बिचारे घाबरून ताट उचलतात.

पोळी माझ्या घशात अडकते, भाकरी दुधात कुस्करलेली जाते. घास लहान, पण जेवण अर्ध्या तासापेक्षा लांबवत नाही, नाहीतर दिवसभर चरणंच होतं.

अभ्यासिकेतला (सदाशिव पेठ)

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, दिवसभर खुर्ची. वजन वाढलंय आणि परीक्षा जवळ आली की पोटात गोळा येऊन जेवण जात नाही. मेसचं ताट अर्ध टाकून देतो आणि रात्री अकराला वडापाव. आता मेसवाल्या काकूंना सांगितलंय, दोन पोळ्या कमी द्या, त्याऐवजी उसळ दुप्पट. त्या हसल्या पण देतात. खोलीवर इलेक्ट्रिक किटली आहे, त्यात अंडी उकडतो.

सिस्टर, एक विचारायचं होतं: वजन उतरवायचं तर पिवळा बलक काढून टाकायचा का? मित्र सगळे काढतात.

सिस्टर_ओपीडी

नको काढूस रे. जवळजवळ निम्मी प्रथिनं त्यातच असतात, बी १२ पण. कोलेस्टेरॉलची किंवा हृदयाची तक्रार नसेल तर रोज एक अख्खं अंडं खुशाल खा, दुसरं हवं असेल तर त्याचा पांढरा. आणि किटली दूध तापवायला वापरत असशील तर आधी घासून घे.

अभ्यासिकेतला

रूममेट त्यात मॅगी करतो. सांगतो त्याला.