भजनातल्या पोरांना मोबाइलवरची 'म्युझिक थिअरी' कशाला? / का नको?

सेलूकर

आमच्या भागात सप्ताहात पेटी धरणारी पोरं आता कीबोर्ड घेऊन ऑर्केस्ट्रात, रेकॉर्डिंगला जायलेत. हात झकास आहे. गाणं दोनदा ऐकलं की वाजवतात. पण समोरचा म्हणाला, "ही ओळ मायनरमध्ये घेऊन बघ," की थांबतात. काळी एक, काळी दोन, पांढरी चार, म्हणजे गायकाचा सा कुठल्या पट्टीवर, एवढं पक्कं माहीत, आणि गायकानं पट्टी बदलली की ट्रान्सपोजचं (आपोआप पट्टी बदलणारं) बटण. बटणामुळं बोटं आयुष्यभर एकाच पट्टीत फिरतात.

माझं म्हणणं असं की या पोरांनी संगीताची पायाभूत थिअरी इंटरनेटवरच्या, स्वतः करून बघायच्या धड्यांतून शिकावी. नुसते व्हिडिओ बघून नव्हे. या धड्यांत पडद्यावर कीबोर्ड असतो, बोट लावलं की स्वर वाजतो, लगेच प्रश्न येतो आणि चुकलं तर तिथल्या तिथं कळतं. आधी पाच रेषा आणि त्यांमधल्या चार जागा, मग स्वर किती लांब धरायचा ते, मग दोन स्वरांमधलं अंतर, मेजर-मायनर स्केल (स्वरांची चढती ओळ) आणि शेवटी कॉर्ड (एकदम वाजवलेले तीनेक स्वर).

यातलं अर्धं त्यांच्या बोटांत आधीच आहे, फक्त कुणी सांगितलेलं नाही. मेजर स्केल म्हणजे पूर्ण, पूर्ण, अर्धा, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्धा अशा अंतरांनी लावलेले स्वर. म्हणजे आपला बिलावल थाट, सगळे शुद्ध स्वर. हे एवढं सूत्र डोक्यात बसलं की बाराही पट्ट्यांत बिलावल मांडता येतो. सा-ग-प ही मेजर कॉर्ड, त्यातला ग कोमल केला की मायनर. बिलावलात सा, म आणि प वर मेजर येते, रे, ग आणि ध वर मायनर. हे धडा सांगतो आणि लगेच वाजवूनही घेतो. आमच्या तालुक्याला संगीताचा क्लास आहे, पण तिथं राग शिकवतात, कॉर्ड नाही. मग मोबाइलवर काय वाईट?

माजलगावचा पेटीवाला

वाईट हे, की लेकरू चार धडे करून सप्ताहात येतं आणि काकड्याला भैरवातल्या पदावर कॉर्ड धरतं. डोळ्यांनी बघितलंय. धड्यात त्याला शिकवलेलं असतं की सा, म, प वरच्या तीन कॉर्ड आल्या की निम्मी गाणी निघतात. आता पंचमावरची मेजर कॉर्ड म्हणजे काय? प, नी आणि शुद्ध रे. भैरवात रे कोमल, तोही आंदोलित. बुवा कोमल रे झुलवायलेत आणि याच्या कीबोर्डमधून शुद्ध रे बोंबलायलाय. भैरव गेला, बुवांचा मूड गेला. मोबाइलनं मात्र त्याला शंभरपैकी शंभर दिलेले.

भूप आणि देशकार घ्या. दोन्हीत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. भूपात गंधारावर वजन, देशकारात धैवतावर. धड्याच्या हिशेबानं दोन्ही एकच स्केल. ज्याला हा फरकच कळत नाही त्याला शिकलेला कसं म्हणायचं?

ट्रॅकवाला, संभाजीनगर

पेटीवाले दादा, तुमचं भैरवाचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. पंचमाच्या कॉर्डमध्ये शुद्ध रे दडलेला आहे हे तुम्हाला कसं कळलं? कॉर्ड उघडून आत कोणते स्वर आहेत ते बघितलं म्हणून. हीच तर थिअरी. तो पोरगा धडा अर्धा सोडून सप्ताहाला आला. पुढच्या धड्यापर्यंत गेला असता तर भैरवात प वर कॉर्ड न धरता नुसता सा-प चा आस (लांब धरलेला सूर) दिला असता, किंवा म वरची मायनर घेतली असती: म, कोमल ध, सा. तिन्ही भैरवातलेच. कोमल रे वर तर चक्क मेजर बसते: रे कोमल, म, ध कोमल.

माझा छोटा स्टुडिओ आहे. गावाकडचे गायक भक्तिगीतांचे ट्रॅक करायला येतात. पेटीवाला सांगतो "काळी दोन", गिटारवाला विचारतो "म्हणजे काय?", मग मी मध्ये दुभाष्या: ई फ्लॅट. बाहेरून व्हायोलिनवाला बोलावला तर त्याला रेषांवर लिहिलेला कागद लागतो. ज्या पोराला हे जमतं त्याला मी दुसऱ्या दिवशी परत बोलावतो. नाही जमत त्याचा हात कितीही गोड असो, घड्याळ त्याच्यासाठी थांबत नाही. कुणाला हे धंदेवाईक वाटेल. आहेच. पोरं पोट भरायलाच आलेली असतात.

काळी चार

मी गाते. माझी हरकत कॉर्डला नाही, कानाला आहे.

या धड्यांत एक सराव असतो: दोन स्वर वाजतात, त्यांतलं अंतर ओळखा. छान. पण ते स्वर कुठले? कीबोर्डचे. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर कीबोर्डवर प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपासून बरोब्बर 100 सेंटवर, म्हणून शुद्ध गंधार 400 वर बसतो. तंबोरा नीट लागला की खरजातून (खालच्या सा च्या तारेतून) जो गंधार आपोआप ऐकू येतो तो 5:4 या प्रमाणाचा, साधारण 386 सेंटवर. पंचमात जेमतेम दोनाचा फरक, तो चालून जातो. गंधारात चौदाचा आहे. रोज अर्धा तास मोबाइलचा गंधार ऐकून "बरोबर" चा हिरवा टिळा घेत बसलेली मुलगी तंबोऱ्यावर गंधार चढा लावणार. आधी तंबोरा, कान तयार झाल्यावर बाकी सगळं. रेडिओनं 1940 साली पेटी बंद केली होती ती काय उगीच? 1971 पर्यंत ती पुन्हा आत येऊ शकली नाही.

माजलगावचा पेटीवाला

ताई, तुम्ही माझ्या बाजूनं बोलायलात का विरोधात? यात माझी पेटी पण गेली की!

काळी चार

पेटी गेली तर जाऊ द्या. मी मोबाइलच्या विरोधात आहे, तुमच्या बाजूनं आहे असं कुठं म्हटलं?

वारकरी, बीड

एवढा काथ्याकूट कशाला? ही गोऱ्यांची पद्धत. आपली विद्या गुरुमुखी. अंबाजोगाईजवळच्या आपेगावच्या शंकरबापूंना पखवाजासाठी पद्मश्री मिळाली, ते कुठल्या धड्यावर बोट ठेवून शिकले? आधी हात, मग साथ, मग ज्ञान. ही आजची पोरं उलटीकडून चढायलेत.

गोदाकाठ, नांदेड

"गोऱ्यांची पद्धत" वाचून राहवलं नाही. संगीताचं शास्त्र पद्धतशीर मांडणारा आपल्याकडचा सगळ्यात मोठा ग्रंथ लिहिला गेला कुठं? देवगिरीवर. तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या दरबारी, शार्ङ्गदेवानं. 'संगीतरत्नाकर'. हा माणूस दरबारात हिशेबाच्या खात्याचा अधिकारी. त्यानं सात अध्यायांत नाद, श्रुती, स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य असं सगळं बसवलं. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्हीकडचे लोक आजही त्याचा आधार घेतात. दौलताबादच्या किल्ल्यावर सहली जातात, चांदमिनारासमोर फोटो काढतात, आणि ही गोष्ट तिथं पोरांना कुणी सांगत नाही. असो.

दुसरं आमच्या गावचं. गुरुद्वाऱ्यात जे ग्रंथसाहिब आहेत, त्यांतली बहुतेक वाणी रागांप्रमाणे लावलेली आहे, 31 राग. त्यात आपल्या नरसीच्या नामदेवांची पदंही आहेत. कुठलं पद कुठल्या रागात हे शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, म्हणून आज कळतं. लिहिणं, नाव देणं, वर्गवारी करणं हे आपल्याकडं कधीच परकं नव्हतं.

वारकरी, बीड

रत्नाकरातले राग आज तसे कोण गातं? ग्रंथ उरला, गाणं बदललं. गळ्यातून गळ्यात गेलं तेवढंच जिवंत राहिलं. तुमच्या उदाहरणानं माझंच सिद्ध झालं.

गोदाकाठ, नांदेड

गळ्यातून गळ्यात जाताना किती हरवलं त्याचा हिशेब कुणाकडं आहे? संगीताचे अभ्यासक भातखंडे हिंडले, उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राखाली (खालच्या सप्तकातल्या स्वराखाली) टिंब. रागांची दहा थाटांत वाटणी केली. आज खेड्यातला मास्तर "यमन कल्याण थाटाचा" म्हणतो ते त्यांच्याचमुळं. गायक पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून वर्गात बसवून गाणं शिकवलं. गुरूच्या घरी राहून सेवा करणाऱ्यालाच विद्या, ही रीत तेव्हाच सैल झाली. मोबाइल हा त्याच वाटेवरचा पुढचा मुक्काम आहे, एवढंच.

तालमास्तर, लातूर

स्वरांचं तुमचं चालू द्या. तालाकडं कुणी बघायलाच तयार नाही.

धड्यात शिकवतात की प्रत्येक खणातली (त्यांच्या 'बार'मधली) पहिली मात्रा वजनाची. फोर-फोरला, म्हणजे चार-चार मात्रांच्या खणांना, चालतं. भजनी ठेका, केरवा, आठ मात्रा, काही अडत नाही. पण रूपक? सात मात्रा, तीन-दोन-दोन, आणि सुरुवातच 'खाली'नं! पहिल्या मात्रेला टाळी नाहीच. ते पोरगं पहिल्या मात्रेवर धाड करून देतं आणि गाणं लंगडं होतं. झपतालाचे दहा दोन-तीन-दोन-तीन असे चालतात, तेही त्या खणांत नीट मावत नाहीत. मावतात म्हणणाऱ्यांनी आधी हातावर ताल धरून दाखवावा.

तरी मी पोरांना हे धडे करायला सांगतो. कारण क्लिकला (ठरावीक लयीच्या टिकटिकीला) धरून वाजवायची सवय लागते. आपल्याकडं लय चढत जाण्याची खोड आहे, भजन सुरू होतं एका लयीत आणि संपताना रेल्वे सुटलेली असते. भजनात ते गोडच वाटतं, पण ट्रॅकवर चालत नाही. एक सांगतो, ब्लूटूथचे इअरफोन लावून टॅप करायचा सराव करू नका. आवाज कानात उशिरा पोचतो, पोरगं बरोबर वाजवतं आणि पडदा चूक दाखवतो. वायरचे घ्या. निम्म्या पोरांनी याच कारणानं कंटाळून सोडलं असेल.

वसमतची आई

तुमचं सगळं वाचलं. आता माझं ऐका. क्लास संध्याकाळी सहाला, तालुक्याला. परतीची शेवटची एसटी कधी येते कधी येत नाही. मुलगी नववीत. घरचे पाठवत नाहीत आणि खरं सांगायचं तर मलाही धीर होत नाही. गुरुमुखी विद्या म्हणणाऱ्यांनी गुरूपर्यंत पोचायचा रस्ताही सांगावा. ती घरात, माझ्या डोळ्यांसमोर, जेवणानंतर धडे करते. लाइट गेली तरी मोबाइल चालतो. इंग्रजी वाचायला लागतं ती अडचण आहे, पण शब्द तेच तेच येतात, तिला आता पाठ झालेत. अडलं की माझ्या भावाला व्हिडिओ कॉल लावते, तो भजनात पेटी वाजवतो.

काळी चार ताई, तुमचं तंबोऱ्याचं पटलं. मोबाइलवर तंबोरा लावला तर चालेल का? आणि सा रे ग आधी शिकवू का सी डी ई?

काळी चार

चालेल, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यातून खर्ज नीट येत नाही. बरा इअरफोन किंवा छोटा स्पीकर. तिचा सा कुठं बसतो ते बघा, बहुतेक काळी चार-पाचच्या आसपास असेल. सा रे ग आधी. माझं एवढंच म्हणणं होतं.

सेलूकर

सा रे ग आधी, इथं माझंही एकमत. पण एक करा: रोज सा वेगळ्या पट्टीवर धरायला लावा आणि तीच अलंकाराची (स्वरांच्या सरावाची) ओळ म्हणून वाजवायला सांगा. आपला सा हलतो, धड्यातला सी जागेवरच राहतो, पोरं अडकतात ती इथंच. कॉर्डचे धडे आले की तिथं रोमन आकडे दिसतील. चार म्हणजे मध्यमावरची, पाच म्हणजे पंचमावरची. सा कुठंही न्या, आकडे तेच.

पेटीवाले दादा, भूप-देशकाराचं तुमचं म्हणणं मी खोडत नाही. ते मोबाइल शिकवणार नाही. पण तालुक्याच्या क्लासनं तरी किती जणांना शिकवलं? परीक्षेला शास्त्राच्या पेपरात वादी-संवादी (रागातले वजनाचे दोन स्वर) घोकून लिहितात आणि गायला बसले की दोन्ही राग एकच.

माजलगावचा पेटीवाला

घोकणाऱ्यांचं मी कधी समर्थन केलं? त्यांच्यावर तर माझा जास्त राग आहे.

बरं ट्रॅकवाले, एवढे हुशार आहात तर सांगा. कीर्तनाच्या शेवटी भैरवी. रे, ग, ध, नी सगळे कोमल. पंचमावर काय धरायचं?

ट्रॅकवाला, संभाजीनगर

पंचमावर धरूच नका. प, कोमल नी, कोमल रे मिळून डिमिनिश्ड नावाची कॉर्ड होते, ती तिथं कानाला खुपते. त्याऐवजी कोमल नी वरची मायनर घ्या: कोमल नी, कोमल रे, म. किंवा कोमल रे वरची मेजर, मग सा च्या मायनरवर उतरा. वाजवून बघा आणि सांगा.

माजलगावचा पेटीवाला

वाजवली. कोमल रे वाली बरी आहे, मान्य. पण आमचे बुवा भैरवीत रंगले की शुद्ध रे पण लावतात, तीव्र मध्यम पण लावतात, बाराच्या बारा स्वर फिरून येतात, आणि कधी कुठला येईल ते त्यांनाही आधी माहीत नसतं. त्या वेळी बोटं कुठं ठेवायची ते कितव्या धड्यात आहे?

ट्रॅकवाला, संभाजीनगर

त्या वेळी कॉर्ड सोडायची आणि सा-प धरून बुवांकडं बघायचं. सप्ताह कधी आहे? येतो.