मदत हवी आहे: बिहारच्या आयुष्मान कार्डावर पुण्यात ऑपरेशन होतं का?

आमच्या सोसायटीशेजारच्या बांधकामावर गया जिल्ह्यातलं एक बिगारी जोडपं राहतं. बाईच्या हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन लांबवू नका असं डॉक्टर म्हणतात. त्यांच्याकडे बिहारचं आयुष्मान कार्ड आहे. २०१८ पासूनच्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि नियमानुसार देशातल्या कुठल्याही संलग्न रुग्णालयात. पण एका खासगी रुग्णालयात काउंटरवरूनच परत पाठवलं, 'महाराष्ट्राचं रेशनकार्ड आणा' म्हणे. गंमत म्हणजे हीच माणसं बिहारच्या रेशनकार्डावर, अंगठा लावून, इथल्या दुकानातून धान्य घेतात!

परराज्यातलं आयुष्मान कार्ड पुण्यात कोणी प्रत्यक्ष वापरलंय का? मंजुरीला साधारण किती वेळ लागला? रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राशी नेमकं काय बोलायचं? योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर तक्रार करून काही हलतं का?

दुसरा मार्ग धर्मादाय रुग्णालयांचा. तिथे निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, पण तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागतात. तो गयेचा चालतो की इथलाच लागतो? नवऱ्याची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करावी म्हटलं, तर ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र द्यायला ठेकेदार तयार नाही. ते दुसरीकडून मिळवता येतं का?

ससून या सरकारी रुग्णालयाचा पर्याय डोक्यात आहेच. 'गावी पाठवा' हा सल्ला मात्र कृपया नको, दोघांची रोजी इथे आहे.